मागच्या दाराने आलेले मास्तर

(पोस्ट मोठी आहे. शिक्षकांनी, शिक्षकांच्या घरच्यांनी आणि ज्यांची पोरं जिल्हा परिषदेच्या किंवा मनपाच्या शाळेत जातात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.)

शिक्षकांच्या गप्पांमध्ये आधी तीन विषय असायचे : बदली, अशैक्षणिक कामं आणि जुनी पेन्शन. १ सप्टेंबर २०२५ नंतर चौथा आला आणि त्याने बाकीच्या तिघांना मागे टाकलं. टीईटी. त्या दिवशी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीच नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हावी लागेल. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरला आहे त्यांना दोन वर्षांची मुदत, म्हणजे २०२७ च्या ऑगस्टअखेरपर्यंत. नाही झाले तर नोकरी सोडा, किंवा निवृत्तीचे लाभ घेऊन घरी बसा. पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना सूट आहे, पण टीईटीशिवाय त्यांना बढती नाही. आपल्याकडे निवृत्तीचं वय ५८. म्हणजे साधारण ५३ च्या आतल्या प्रत्येकाला पुन्हा पेपर द्यायचा आहे.

यावर दोन बाजू पडल्या. एक म्हणते, इतकी वर्षं शिकवताय तर परीक्षेला कशाला घाबरता? दुसरी म्हणते, आम्ही लागलो तेव्हाचे सगळे नियम पाळून लागलो, आता वीस वर्षांनी नवा नियम कसा? दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत. पण या भांडणात एक शब्द सारखा ऐकू येतो आणि तो मला खटकतो : "मागच्या दाराने आलेले".

बाप्पा, हे मागचं दार आहे तरी कोणतं? कोणी बांधलं, कोणासाठी उघडलं, कोणी बंद केलं? याचा हिशेब मांडायचा म्हटलं तर साधारण दोनशे वर्षं मागे जावं लागतं. चला, जाऊ.

आमच्या इतवारीत दुकानदाराचा काटा खरा की खोटा हे गिऱ्हाइकाच्या अंदाजावर सोडत नाहीत. वैधमापन खात्याचा माणूस येतो, वजनं तपासतो, शिक्का मारतो. सराफ्यात २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा होत गेला. पण बाजार काही या शिक्क्यांनंतर सुरू झाला नाही. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या तो विश्वासावर चालत होता. मास्तरकीचंही तसंच आहे. माणूस आधी शिकवायला लागला, शिक्का फार नंतर आला.

भोसल्यांच्या राज्यात मास्तर म्हणजे पंतोजी. कोणाच्या तरी ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात त्याची शाळा. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडी वाचायची, पाढे, पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ करायची. बाजारपेठेला पाहिजे होता हिशेब करणारा मुनीम आणि दरबाराला पाहिजे होता कारकून. दोघंही त्याच ओसरीवरून निघायचे. पंतोजीचा पगार म्हणजे शिधा, सणावारी काही नाणी आणि गावातला मान. त्याचं प्रमाणपत्र कोण देत होतं? पोराला पाढे आले की नाही हे बघणारा बाप. ही व्यवस्था साधी होती, पण तिचं गुणगान करू नका. त्या ओसरीवर मुलींना जागा नव्हती आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या पोरांना तर पायरीही नव्हती. पालकांचा विश्वास हाच परवाना असेल, तर ज्यांना पालकांमध्ये धरलंच जात नाही त्यांचं मत कोण विचारणार?

तिकडे मुंबई इलाख्यात इंग्रजांनी शाळा काढायला सुरुवात केली तेव्हा पहिली अडचण इमारतीची नव्हती, मास्तरांची होती. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली २४ तरुण तयार केले आणि १८२६ मध्ये त्यांना शाळांवर पाठवलं. १४ मराठी मुलखात, १० गुजराती मुलखात. सरकारी छापाचे आपल्या भाषेतले हे जवळपास पहिले मास्तर. अख्ख्या इलाख्याला २४! पुढे १८४५ मध्ये शिक्षक तयार करण्याचा वर्ग सुरू झाला, त्याचे प्रमुख होते 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर. म्हणजे मराठीतला पहिला संपादक हाच मास्तरांचा मास्तरही होता. आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

यात एक गंमत आहे. मास्तर कमी आणि पोरं जास्त, यावर त्या काळी इंग्लंडात गाजलेला उपाय होता मोठ्या पोरांनी लहान पोरांना शिकवायचं. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने हा प्रयोग अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथालयात केला. इथल्या देशी शाळांमध्ये पोरं वाळूत अक्षरं गिरवताना त्याने पाहिली आणि तीच रीत उचलली. इंग्लंडात तिचं नाव पडलं 'मद्रास पद्धत'. म्हणजे आपल्याच ओसरीवरची रीत विलायतेला जाऊन, शिक्का मारून परत आली. तेव्हा बिनपरवान्याचा मास्तर ही काही मागासलेल्या मुलखाची खोड नाही. जिथे पोरं जास्त आणि पैसा कमी, तिथे तो जन्माला येतोच.

१८५४ साली दोन गोष्टी घडल्या. लंडनहून वुडचा खलिता आला. त्यात जागोजागी नॉर्मल स्कूल काढा आणि शाळेतल्याच हुशार पोरांना विद्यावेतन देऊन मास्तर करा, असं सांगितलं होतं. आणि त्याच वर्षी नागपूरचं राज्य खालसा झालं. तोपर्यंत इथे नव्या धर्तीचं शिक्षण म्हणजे प्रामुख्याने मिशनऱ्यांचं. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, शिक्षण खातं आलं, नागपूरला नॉर्मल स्कूल आलं. हायस्कुलात शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घ्यायचं तर जबलपूरच्या स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजचा रस्ता धरावा लागायचा. नॉर्मल म्हणजे नमुना. मास्तर कसा असावा याचा सरकारी नमुना. इथून 'ट्रेन्ड' आणि 'अनट्रेन्ड' या दोन जाती सुरू झाल्या, त्या आजतागायत आहेत.

पण नॉर्मल स्कुलातून निघणारे मास्तर कधीच पुरले नाहीत. सरकार एका हाताने नमुना दाखवत होतं आणि दुसऱ्या हाताने बिननमुन्याचे मास्तर भरत होतं, कारण ते स्वस्त पडत. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास याच वाक्याची उजळणी आहे.

आता मागच्या दाराची दुसरी गोष्ट. काही जणांसाठी पुढचं दार नव्हतंच.

सावित्रीबाई फुल्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांनी शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं होतं, हे आपण भाषणात विसरतो. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडे. १८४८ च्या शाळेतली ही बाई नुसती धाडसी नव्हती, शिकवणं शिकून आलेली होती. ज्या समाजाने तिला शेण मारलं त्याच्या हातात तिचा परवाना असता, तर तो तिला जन्मात मिळाला नसता. तिने तो मिशनऱ्यांकडून घेतला. आडरस्ताच होता तो.

आणि आपल्या नागपूरच्या जाईबाई चौधरी. किती जणांना हे नाव माहीत आहे? जन्म १८९२, उमरेडचा. घरात दुष्काळाची झळ, लहान वयात लग्न. नागपूर-कामठी भागात त्यांनी हमाली केली, डोक्यावर ओझी वाहिली. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईच्या नजरेत ही शिकलेली हमाल बाई आली. त्यांनी तिला मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली. पगार महिना ४ रुपये. मग बाई महार आहे हे कळलं, लोकांनी ओरड केली आणि नोकरी गेली. गेली ती शिकवता येत नव्हतं म्हणून नव्हे, हे वेगळं सांगायला नको. जाईबाईंनी १९२२ मध्ये नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. ज्या बाईला शाळेने ठेवलं नाही, तिने शाळाच काढली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात अशा बायकांच्या कहाण्या जमवून ठेवल्या, म्हणून आज आपल्याला हे माहीत तरी आहे.

जाईबाईंना आजच्या नियमात बसवून बघा. डीएड नाही, टीईटी नाही, पोर्टलवर नोंद नाही. अपात्र. आणि त्या काळच्या नियमात? तेव्हाही अपात्रच, फक्त कारण वेगळं. म्हणून कोणी 'पात्रता' हा शब्द उच्चारला की मी आधी विचारतो, पात्रता कोणी ठरवली आणि कशावरून?

तिसरी गोष्ट नागपूरहून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवरची. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. हाताने काम करत शिकायचं, मातृभाषेतून शिकायचं, ही नयी तालीम तिथे मांडली गेली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. त्याच वेळी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारात शिक्षणमंत्री होते रविशंकर शुक्ल. त्यांनी विद्या मंदिर योजना आणली. गावाने जमीन दान द्यायची, त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा आणि मास्तर चालवायचा. मास्तरांना तयार करण्यासाठी १९३८ मध्ये वर्ध्यात प्रशिक्षण विद्यालय सुरू झालं. मास्तराचा पगार ठरला महिना १५ रुपये.

योजनेत कल्पकता होती. नेहमीच्या नॉर्मल स्कूलला फाटा देऊन वेगळ्याच प्रकारचा मास्तर घडवायचा विचार होता. पण शाळेला 'मंदिर' म्हणण्यावरून मुस्लिम लीगने रान उठवलं, १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामा देऊन बाहेर पडली आणि योजना कोमेजली. एक गोष्ट मात्र मागे उरली : गावातल्या मास्तराने त्यागाच्या भावनेने कमी पैशात राबावं, ही अपेक्षा. सरकारं बदलली, झेंडे बदलले, ही अपेक्षा कोणीही बदलली नाही. कलेक्टरकडून त्यागाची अपेक्षा कोणी करत नाही, मास्तराकडून सगळे करतात.

स्वातंत्र्यानंतर गावोगावी शाळा निघाल्या. आपल्या भागात जनपद सभा शाळा चालवत होत्या. १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. शाळा वाढल्या, मास्तर कुठून आणणार? सातवी पास, फायनल झालेला पोरगा उचलायचा आणि शाळेवर पाठवायचा. प्रशिक्षण नंतर, नोकरीत असताना. अशा सातवी पास गुरुजींकडे शिकलेले डॉक्टर, इंजिनिअर, न्यायाधीश तुमच्याही घराण्यात सापडतील. ही पद्धत आदर्श होती असं मी म्हणत नाही. कित्येक गुरुजींना छडीपलीकडे काही येत नव्हतं. पण एक गोष्ट तिच्यात बरी होती. दार आधी उघडलं, शिक्का नंतर मारला, आणि शिक्का मिळवून देणं ही जबाबदारी ज्याने आत घेतलं त्याची होती.

१९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. नोकरीतल्या शिक्षकांना घरून अभ्यास करून बीएड करता येऊ लागलं. सुट्टीतल्या संपर्क वर्गांना डबा घेऊन जाणारे मास्तर-मास्तरीणबाई ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना सांगायला नको की तो आडरस्ता म्हणजे आळशांचा रस्ता नव्हता.

मग आलं २००० साल. इथून गोष्ट बिघडते.

एकीकडे गल्लोगल्ली डीएड कॉलेजं निघाली. बारावीनंतर दोन वर्षं आणि लगेच मास्तर, या आशेने आईबापांनी शेतं विकून, दागिने गहाण ठेवून पोरांना प्रवेश घेऊन दिला. दुसरीकडे त्याच वर्षी सरकारने शिक्षण सेवक योजना आणली. पूर्ण पात्र, डीएड झालेल्या पोराला तीन वर्षं 'सेवक' म्हणून ठेवायचं आणि मानधन द्यायचं महिना ३,००० रुपये. म्हणजे पुढच्या दाराने आलेल्यालाही तीन वर्षं ओसरीवर बसवायचं. पुढे हे मानधन प्राथमिकला ६,००० झालं आणि तिथेच दहा-अकरा वर्षं अडकून पडलं. ६,००० म्हणजे दिवसाला २०० रुपये. मजुराची रोजी बरी. हायकोर्टाने कान टोचल्यावर २०२३ मध्ये ते १६,००० झालं.

आणि तिसरीकडे वस्तीशाळा. शाळेपासून लांब असलेल्या वाड्या, तांडे, पाडे, पोड. तिथल्या पोरांना शाळा द्यायची होती. शेजारच्या मध्य प्रदेशाने १९९७ पासून शिक्षण हमी योजना राबवली होती : गावाने मागणी केली की सरकार ९० दिवसांत शाळा देणार आणि गावातलाच 'गुरुजी' नेमणार. आपल्याकडे २००० नंतर वस्तीशाळा आल्या. त्याच वस्तीतला किंवा जवळच्या गावातला, थोडाफार शिकलेला पोरगा किंवा पोरगी स्वयंसेवक म्हणून घ्यायची. सुरुवातीचं मानधन महिना १,००० रुपये. दिवसाला ३३ रुपये. कुठे झाडाखाली, कुठे कोणाच्या गोठ्यात, कुठे समाजमंदिरात शाळा भरली. नदीनाला ओलांडून जायला कोणी तयार नव्हतं, तिथे हे गेले. हजेरीपट भरले, पोरांना अक्षरं शिकवली, खिचडीही शिजवून घेतली.

हे मागचं दार होतं ना? होतं. पण ते सरकारने स्वतः जीआर काढून, निविदेशिवाय, सगळ्यात स्वस्त दरात बांधलं होतं. त्या स्वयंसेवकांना मग 'निमशिक्षक' म्हटलं. निम! अर्धा मास्तर. पोरं मात्र त्यांच्याकडे पूर्ण होती. त्यांना पत्राद्वारे डीएड करायला लावलं. मोर्चे निघाले, आझाद मैदानावर आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर. यशवंत स्टेडियमजवळच्या त्या मंडपांत थंडीत पोरंबाळं घेऊन बसलेल्या बाया आम्ही पत्रकारांनी किती वेळा पाहिल्या. शेवटी १ मार्च २०१४ च्या शासन निर्णयाने त्यांना नियमित शिक्षक म्हणून सामावून घेतलं. पण नोकरी त्या दिवसापासून धरली. त्याआधीची दहा-बारा वर्षं गेली कुठे? आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे ती आधीची सेवा मोजणार की नाही यावर त्यांचं सगळं म्हातारपण टांगलेलं आहे.

मधल्या काळात शिक्षण हक्क कायदा आला. १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम २३ म्हणतं, शिक्षकाची किमान पात्रता केंद्राने नेमलेली संस्था ठरवेल. ती संस्था म्हणजे एनसीटीई. तिने २३ ऑगस्ट २०१० ला अधिसूचना काढून टीईटी आणली. त्याच अधिसूचनेत नियमाने आधी लागलेल्यांना सूट होती. आजचे शिक्षक जिच्यावर बोट ठेवतात ती हीच सूट. महाराष्ट्राने १३ फेब्रुवारी २०१३ ला टीईटी बंधनकारक केली आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला पहिली परीक्षा झाली. अप्रशिक्षितांना आधी २०१५ पर्यंत मुदत होती. ते जमलं नाही म्हणून २०१७ मध्ये कायदा दुरुस्त करून ३१ मार्च २०१९ ही शेवटची तारीख दिली. त्यासाठी एनआयओएसने १८ महिन्यांचा डीएलएड कोर्स काढला. देशभरातून १० लाखांवर शिक्षक त्याला बसले. इतकं मोठं शिक्षक-प्रशिक्षण जगात क्वचितच कुठे झालं असेल.

आणि मग? नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नव्या भरतीसाठी हा १८ महिन्यांचा डिप्लोमा दोन वर्षांच्या डीएलएडच्या बरोबरीचा नाही. पुढे खुलासा झाला की १० ऑगस्ट २०१७ ला जे नोकरीत होते त्यांना तो चालेल. त्याच २०२३ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका निकालाने बीएडवाल्यांना प्राथमिकचं दार बंद झालं होतं. सरकारने दाखवलेल्या रस्त्याने माणसं गेली, पैसे भरले, परीक्षा दिल्या आणि टोकाला पोचल्यावर पाटी दिसली : रस्ता बंद आहे.

आता निकालाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख शिक्षक संघटनेचं पत्रक होईल. शिक्षण हक्क कायदा शिक्षकांच्या हक्काचा नाही, पोरांच्या हक्काचा आहे. इतवारीतल्या व्यापाऱ्याच्या पोराला ट्रेन्ड टीचर आणि मेळघाटातल्या पोराला जो मिळेल तो, हा अन्याय आहेच. वस्तीवरच्या पोराने सरकारचा स्वस्तपणा का भोगावा? कोर्टाचं म्हणणं मुळात तेच आहे की चांगला शिक्षक हा पोराच्या हक्काचा भाग आहे. हे मला पटतं. न पटणारी गोष्ट ही की बिल प्रत्येक वेळी त्याच माणसाच्या नावाने फाटतं, ज्याला सगळ्यात कमी दिलं गेलं.

आणि ज्या शिक्क्याच्या भरवशावर हे सगळं चाललंय, तो शिक्का तरी किती खरा? २०२१ च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी टीईटी घोटाळा उघडकीला आणला. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेतल्या वरिष्ठांनाच अटक झाली. नंतर साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. २०२५ मध्ये तर आपल्या नागपूर विभागाचं नाव राज्यभर गाजलं. शालार्थ आयडी प्रकरण. नेमणूकच बनावट, आयडी बनावट आणि पगार सरकारी तिजोरीतून खरा, असा आरोप. शिक्षण खात्यातले अधिकारीही अटकेत गेले. प्रकरण न्यायालयात आहे, दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. पण सामान्य माणसाने यातून काय घ्यायचं? खरा मास्तर पन्नाशीत रात्री चष्मा लावून बालमानसशास्त्र पाठ करतोय आणि कागदावरचा मास्तर पगार उचलत होता.

म्हणून मी म्हणतो, मागची दारं तीन आहेत आणि तिघांना एकाच शब्दात हाणू नका. एक दार वगळलेल्यांनी स्वतः फोडलं, जाईबाईंसारख्यांनी. दुसरं सरकारने गरजेपोटी, स्वस्तात बांधलं, वस्तीशाळेसारखं. तिसरं पैशाने विकत घेतलं जातं. पहिल्याला नमस्कार करायचा, दुसऱ्याची जबाबदारी घ्यायची आणि तिसऱ्याला कुलूप लावायचं. आपण नेमकं उलटं करतो. पहिल्याला विसरतो, दुसऱ्याला नोटीस देतो आणि तिसऱ्याची चौकशी वर्षानुवर्षं चालवतो.

जगातही आडरस्ते आहेत. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९८० च्या दशकाच्या मध्यात पदवीधरांना थेट वर्गात घेऊन, काम करता करता परवाना मिळवून द्यायची पद्धत सुरू केली आणि नंतर बहुतेक राज्यांनी ती उचलली. आपल्याकडे २००९ मध्ये टीच फॉर इंडियाने पुण्या-मुंबईत सुरुवात केली. चांगल्या कॉलेजातली पोरं दोन वर्षं गरीब वस्तीतल्या शाळांत शिकवतात. बीएडची अट नाही. त्यांचं कौतुक होतं, व्हावंही. पण गंमत बघा. शहरातला पोरगा बीएड नसताना दोन वर्षं शिकवतो तेव्हा तो 'फेलो' असतो. तांड्यावरची पोरगी बीएड नसताना बारा वर्षं शिकवते तेव्हा ती 'निमशिक्षक' असते. फरक शिकवण्यातला आहे की आडनावातला आणि इंग्रजीतला?

बरं, हा इतिहास संपलेला नाही. २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० मानधनावर परत बोलवायचा निर्णय झाला. रिक्त जागा तासिकेवर, कंत्राटावर भरण्याचा मोह प्रत्येक सरकारला होतो. नवीन शैक्षणिक धोरण म्हणतं, २०३० पर्यंत किमान पात्रता चार वर्षांचं एकत्रित बीएड असेल. म्हणजे आज जो डीएलएड करतोय, टीईटी देतोय, पोर्टलवर नंबर लागायची वाट बघतोय, तो उद्याचा 'जुन्या पात्रतेचा' मास्तर आहे. आज टाळ्या वाजवणाऱ्या तरुण उमेदवारांनी हे ध्यानात ठेवावं. २०४० मध्ये तुमच्यासाठीही कोणीतरी नवा पेपर काढेल.

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टी.

एक, नोकरीतल्या शिक्षकांना टीईटी द्यायला लावायचीच असेल तर तयारीची रजा, वर्ग आणि साहित्य सरकारने द्यावं. निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं आणि ॲपमधल्या नोंदी तशाच ठेवून वर अभ्यास करा म्हणणं ही चेष्टा आहे.

दोन, पेपरासोबत वर्गही तपासा. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाची परीक्षा त्याच्या वर्गात बसून, त्याच्या पोरांची पाटी बघून घेता येते. पंतोजीच्या काळी बापाला ते जमत होतं, तर शिक्षण खात्याला का जमू नये?

तीन, वस्तीशाळेवरची सेवा पहिल्या दिवसापासून मोजा. घाम तेव्हाही खराच होता.

चार, यापुढे मानधनावर एकही मास्तर घ्यायचा असेल, तर त्याला पूर्ण शिक्षक कधी आणि कसं करणार हे त्याच आदेशात लिहा. तारीख टाकून. ते लिहिता येत नसेल तर घेऊच नका.

४ रुपये, १५ रुपये, १,००० रुपये, ३,००० रुपये, ६,००० रुपये, १६,००० रुपये. हा शंभर वर्षांतला मास्तरकीच्या उंबरठ्यावरचा दर आहे. आकडा वाढला, पण उंबरठ्यावर ताटकळणं तसंच राहिलं. तुमच्या गावच्या शाळेत २०२७ च्या सप्टेंबरात वर्गात कोण असेल, हे येत्या काही महिन्यांत ठरेल. त्याआधी एकदा शाळेत जा, गुरुजींना भेटा, बाईंना भेटा. त्या कोणत्या दाराने आल्या हे विचारा, आणि ते दार कोणी उघडलं होतं तेही.